अभिप्राय प्राप्त

निलंग्याहून कर्नाटकाच्या हद्दीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक तालुक्याचं गाव लागतं. तिथल्या तहसील कचेरीच्या आवारात जुन्या सायकल स्टँडचा पत्रा अजून उभा आहे. खाली आता मोटारसायकली लागतात, आणि त्यांच्या पलीकडे, भिंतीच्या कोपऱ्यात, भीमाशंकर अण्णा बसतात. एक बुटकं लाकडी टेबल, घडीची खुर्ची, समोर येणाऱ्यासाठी पत्र्याचं स्टूल. टेबलावर कोऱ्या कागदांची थप्पी, निळे कार्बन, अंगठ्यासाठी शाईचं पॅड आणि बोट पुसायला जुन्या धोतराचं फडकं. एक्केचाळीस वर्षं झाली, अण्णा इथं बसून दुसऱ्यांचे अर्ज लिहितात.

गावात त्यांना अर्जनवीस म्हणतात. ज्याला लिहिता येत नाही, किंवा लिहिता येतं पण कचेरीशी कसं बोलावं ते उमगत नाही, तो त्या स्टुलावर येऊन बसतो. अण्णा आधी लिहीत नाहीत, ऐकतात. माणूस भावकीतल्या भांडणापासून सुरुवात करतो, बैल आजारी पडल्याचं सांगतो, मधेच डोळे पुसतो आणि बऱ्याच वेळाने मूळ गोष्टीवर येतो. मग अण्णा पेनाचं टोपण काढतात. एवढ्या सगळ्या बोलण्यातून कागदावर दहा-अकरा ओळी उतरतात. त्या वाचून दाखवल्या की समोरचा म्हणतो, "हाव, हेच म्हनायचं हुतं मला."

हे काम त्यांनी वसंतराव मुन्शींकडून उचललं. मुन्शी तरुणपणी, निजामाच्या अमलात, कचेरीचे कागद उर्दूतून लिहायचे. राज्य गेलं, लिपी गेली, पण कागदासमोर बसण्याची मुन्शींची अदब गेली नाही. बी.ए.च्या पहिल्या वर्षात नापास झालेला भीमाशंकर त्यांच्याजवळ आला तेव्हा त्यांनी त्याला महिनाभर नुसता समास आखायला लावला. "समास सोडायचा. सायबाला शेरा मारायला जागा पायजे." मग अक्षर आलं, मग मजकूर. आणि मजकुराचा कायदा एकच होता: अर्जात 'तक्रार' हा शब्द यायचा नाही.

"फिर्याद कोर्टात. कचेरीत अर्ज गुजारायचा," मुन्शी सांगायचे. "तक्रार म्हटलं की वाचणारा आधी स्वतःचा बचाव हुडकतो. विनंती म्हटलं की त्याच्या हातात काहीतरी द्यायला उरतं. आपल्याला भांडण जिंकायचं न्हाई भीमाशंकर, काम करून घ्यायचंय."

अण्णांनी तो कायदा कधी मोडला नाही. एका गावात तलाठी तीन-तीन महिने फिरकत नव्हता. गावकरी तावातावाने आले होते. अण्णांनी लिहिलं: 'मा. तलाठी साहेबांच्या कामाच्या व्यापामुळे त्यांचे दर्शन दुर्लभ झाले असून आठवड्यातून एक दिवस त्यांनी गावी येण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती.' तेव्हाचे तहसीलदार ते वाचून मोठ्याने हसले, आणि दुसऱ्याच दिवशी तलाठी गावात हजर झाला. अशा गोष्टी अण्णांच्या आयुष्यात बऱ्याच होत्या. त्या ते कुणाला सांगत नसत. पण प्रत्येक अर्जाची कार्बनची प्रत मात्र घरी लोखंडी पेटीत जपून ठेवत. पत्नी गेल्यावर घरात बोलायला माणूस उरलं नव्हतं. मुलगी उज्वला नांदेडला नोकरीला होती. संध्याकाळी कधीतरी ते पेटी उघडून जुना एखादा अर्ज वाचत बसत.

मागच्या वर्षी उन्हाळ्यात कचेरीत यंत्र आलं. आवक खिडकीवर आनंदराज नावाचे पन्नाशीचे लिपिक बसत. मूळचे नांदेडकडचे, तोंडाने फटकळ, मनाने बरे. पूर्वी ते अर्जावर शिक्का मारून कागद मागच्या गठ्ठ्यात टाकायचे. आता कागद एका चपट्या पेटीवर पालथा ठेवायचा, उजेडाची पट्टी सरकायची आणि अर्ज संगणकात जायचा. तिथं तो वाचला जायचा, आणि कुणाकडे पाठवायचा हेही तिथंच ठरायचं.

"वाचतंय कोण?" अण्णांनी विचारलं.

"यंत्रच वाचून राहिलंय. आपण निस्तं त्याच्या तोंडात कागद घालायचा." आनंदराज हसले. "पण अण्णा, तुमच्या अक्षरावर लई खूश हाय ते. दवाखान्याच्या कागदावर अडकतंय, आमच्या सायबाच्या शेऱ्यावर तर बंदच पडतंय. तुमचा अर्ज घातला की गिळलाच."

अण्णांना ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, यंत्राने लोकांची सोयही केली होती. ज्या दाखल्यासाठी महिनाभर खेटे घालावे लागत, तो दोन-तीन दिवसांत मिळू लागला. पूर्वी अर्ज दिला की तो पोचला की नाही हेही कळत नसे. आता मोबाईलवर संदेश यायचा. अण्णांकडे येणाऱ्या पुष्कळांकडे मोबाईल नव्हता, किंवा होता तो लेकाच्या खिशात पुण्याला होता. अशांच्या अर्जावर अण्णा स्वतःचाच नंबर घालत. उत्तर आलं की निरोप पाठवत.

धोंडाबाई पहिल्यांदा आली ती दसरा झाल्यावर. कमळवाडीची, साठीची, उन्हाने रापलेली बाई. नवरा भागवत. दोघांची अडीच एकर जमीन, ती आता वाट्याने दिलेली, कारण भागवतची नजर गेली होती. उजेड-अंधार तेवढा कळायचा.

"नजर गेली तरी बसून ऱ्हात न्हाईत," ती सांगत होती. "सकाळी मारुतीच्या पारावर जायाचं म्हंजी जायाचं. घरापासून काठी टेकत निघायचं. सरकारी हिरीच्या कठड्याला काठी लागली, टक्क वाजली, की डाव्या अंगाला वळायचं. मंग पार. धा वर्सं झाली, रोज तसंच. आता भादव्यात तो कठडा पडला हिरीत. निम्मा गेलाय, आन तोबी रस्त्याच्या अंगाचाच. काठी कुठं लागंल?"

"मग दुसऱ्या वाटेनं जावा म्हणावं."

"म्हनून बघा तुमी. मला म्हनतात, माजी वाट काय तू ठरवनार?"

अण्णा हसले. मग त्यांनी कागद घेतला, समास आखला आणि लिहिलं: 'मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. अर्जदार: धोंडाबाई भ्र. भागवत, रा. कमळवाडी.' इकडच्या कागदांवर बाईच्या नावापुढे असंच लिहितात, भ्र., म्हणजे भ्रतार, नवरा; पुरुषाच्या नावापुढे पि., म्हणजे पिता. 'विषय: सार्वजनिक विहिरीचा कठडा बांधून मिळणेबाबत विनंती.' खाली भागवतची नजर, रोजची वाट, काठीचा आवाज, सगळं दहा ओळींत आलं. धोंडाबाईने अंगठा उठवला.

तिसऱ्या दिवशी अण्णांच्या मोबाईलवर संदेश आला. 'अभिप्राय प्राप्त. शासकीय कामकाजातील सहभागाबद्दल धन्यवाद.' खाली धोंडाबाईच्या अर्जाचा क्रमांक होता.

यंत्र आल्यापासून विनंतीच्या अर्जांना असेच संदेश येत होते, तरी अण्णांनी तो दोनदा वाचला. यंत्राआधीच्या एवढ्या वर्षांत कचेरीने कुणाला धन्यवाद दिलेले त्यांनी पाहिले नव्हते. आणि 'अभिप्राय' हा शब्द तर त्यांच्या हाताखालून हजारदा गेलेला. अर्ज आला की साहेब तलाठ्याचा अभिप्राय मागवतात. तलाठी जागेवर जातो, पाहतो, चार ओळी लिहून देतो, तोच त्याचा अभिप्राय. तो वर आला की पुढची पायरी मंजुरीची. कचेरीच्या भाषेत तो शब्द कामाच्या उंबरठ्यावर उभा असतो. म्हणजे तलाठी कमळवाडीला जाऊन आला असणार, विहीर पाहिली असणार. तीन दिवसांत. अण्णांना त्या यंत्राचं खरोखरच कौतुक वाटलं.

बाजाराच्या दिवशी धोंडाबाई आली तेव्हा त्यांनी तिला संदेश वाचून दाखवला.

"म्हंजी बांधनार?"

"अभिप्राय आलाय माय. आता निस्ती मंजुरी. आणि सरकारनं धन्यवाद म्हटलंय."

"कुनाला?"

"तुम्हाला."

ती पदर तोंडाशी धरून लाजल्यासारखी हसली. "सरकारला म्हनावं आमचंबी तुमाला धन्यवाद."

वेळ अमावास्या, इकडचा शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण, झाली आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. हातात पितळी डबा. शेतातली पूजा करून उरलेली भज्जी होती, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली, त्यात ओल्या हरभऱ्याचे, तुरीचे दाणे. "तुमी कुनाच्या रानात जेवायला गेला नसाल म्हनून आनली. आन अण्णा, कठड्याचं कुनी आलं न्हाई अजून."

"येतील. मंजुरीला वेळ लागतो."

पण त्यांनी दुसरा अर्ज लिहिला. 'स्मरणार्थ नम्र विनंती.' चौथ्या दिवशी पुन्हा संदेश: अभिप्राय प्राप्त, धन्यवाद. अण्णांना थोडी शंका आली, पण ती तेवढ्यापुरतीच. दोनदा अभिप्राय मागवला म्हणजे साहेब काळजीने पाहत असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. महाशिवरात्रीच्या आसपास तिसरा अर्ज गेला. त्यात त्यांनी होती तेवढी सगळी अदब ओतली: 'आपल्या कृपादृष्टीस पात्र असलेल्या गरीब अर्जदाराची विनंती मान्य करावी.' तिसरा धन्यवाद आला.

फाल्गुनात, होळीच्या चार दिवस आधी, कमळवाडीचा एक माणूस रेशनकार्डाच्या कामासाठी स्टुलावर बसला. अण्णांनी नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि सहज विचारलं, "तुमच्याकडच्या विहिरीचा कठडा झाला का?"

"कशाचा कठडा? परवा भागवत आजा पडला की त्यात. सकाळचं पारावर निघाला हुता. लोकं धावले, पण खाली दगडं हायत ना. वर काढला तवा संपलाच हुता."

अण्णांनी पेनाचं टोपण लावलं. मग पुन्हा काढलं, कारण समोरच्या माणसाचा अर्ज अर्धा राहिला होता. तो त्यांनी पुरा केला. एकही खाडाखोड झाली नाही. माणूस गेल्यावर ते आवक खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"आनंदराज, तीन अर्जांचे क्रमांक देतो. ते आता कुठं आहेत ते बघून सांगा."

आनंदराजांनी क्रमांक घातले. पडदा पाहिला, मग अण्णांकडे पाहिलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. तिन्ही अर्जांपुढे हिरवा ठिपका होता. हिरव्या ठिपक्यापुढे लिहिलं होतं: सूचना व अभिप्राय. त्यापुढे: बंद.

"बंद म्हणजे?"

"बंद म्हंजी बंद. हे बघा, यंत्र तीन वाटा करतंय. तक्रार असली की लाल. तिला एकवीस दिवसांची मुदत. केलं न्हाई तर वरच्या सायबाला दिसतंय, मंग इथं धावपळ. दाखला, नक्कल, नोंद असं काई ठरलेलं मागितलं असलं की पिवळं. आन बाकी जे काई गोड-गोड असंल, लोकांचं म्हननं, सूचना, ते हिरवं. त्याला आपोआप धन्यवाद जातंय आन बंद हुतंय."

"तलाठी जाऊन आला नाही?"

"कुनी सांगितलं तलाठी गेला म्हनून?"

"अभिप्राय प्राप्त, असं आलं होतं."

आनंदराजही याच कचेरीत वाढलेले होते. अण्णांनी तो शब्द कसा वाचला असेल, ते त्यांना सांगावं लागलं नाही. "अण्णा," ते हळू म्हणाले, "तो अभिप्राय तलाठ्याचा नव्हता. तिचा हुता. धोंडाबाईचा. तिनं आपलं मत कळवलं, असं धरलंय त्यानं."

"हिरवे कुणी वाचत नाही?"

"लालच्या मागं लागून जीव जातोय आमचा. हिरव्याकडं कोन बघतंय?" मग नेहमीच्या सवयीने ते बोलून गेले, "पयले अर्ज गठ्ठ्यात मरायचे, आता पडद्यावर मरून राहिलेत," आणि बोलल्यावर त्यांची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी टेबल उघडलं नाही. सकाळची एसटी धरून ते लातूरला आणि तिथून नांदेडच्या गाडीत बसले. अहमदपूर गेलं, लोहा आलं. खिडकीबाहेर करडईची कापणी चालली होती. ते कशासाठी निघाले होते, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. उज्वला संगणकाचं शिकलेली होती. यंत्राला शब्द कसे कळतात, एवढं तिला विचारायचं होतं.

उज्वला विष्णुपुरीच्या रस्त्याला एका खोलीत भाड्याने राहायची. वडिलांना ती अप्पा म्हणायची; अप्पा न कळवता आले म्हणून ती घाबरली. चहा झाला. अण्णांनी सगळं क्रमाने सांगितलं, अर्ज सांगावा तसं. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिच्या हातातला कप तिने खाली ठेवला.

"अप्पा, ते यंत्र यायच्या आधी मी आठ महिने एका कंत्राटदाराकडं काम करत होते. आठवतं? तुम्हाला सांगितलं होतं, जुने कागद वाचायचं काम हाय म्हणून."

"हो."

"ते कागद अर्जच होते. हजारो. बऱ्याच तालुक्यांतून गोळा केलेले. आम्ही वीस पोरी एका हॉलमध्ये बसायचो. प्रत्येक अर्ज वाचायचा आणि त्याला रंग द्यायचा. लाल, पिवळा, हिरवा. आम्ही दिलेले रंग बघून बघून यंत्र शिकतं, पुढं स्वतः देतं."

अण्णांनीही कप खाली ठेवला.

"त्यात तुमच्या अक्षरातलेबी होते," ती म्हणाली. "समास बघूनच ओळखायचे मी. पहिल्यांदा मी ते लालच केले. मला कळायचं ना, तुम्ही 'कृपा व्हावी' लिहिलंय म्हणजे माणूस किती गांजलाय ते. पण तपासणारा परत पाठवायचा. म्हणायचा, यात रोष दिसत नाही, तक्रार हा शब्द नाही, मागितलेली गोष्ट यादीत नाही, नियमाप्रमाणे हिरवं करा. दिवसाला चारशे कागद व्हायचे. पुढं पुढं मी पण थेट हिरवंच द्यायला लागले. मला वाटलं होतं, पुढं कुणीतरी माणूस बघंलच की."

अण्णा म्हणाले, "मलाही तेच वाटलं होतं."

मग त्यांनी विचारलं, "अक्षर नीट दिसत होतं का?"

"एकदम स्वच्छ," ती म्हणाली, आणि तिने ओढणी डोळ्यांना लावली. अण्णांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लेकीला बोल लावावा असं त्यांच्या मनात आलं नाही. मुन्शींनी त्यांना शिकवलं, त्यांनी कागदाला शिकवलं, आणि कागद वाचून उज्वलाने यंत्राला. प्रत्येकाने आपलं काम नीट केलं होतं. भागवत मात्र विहिरीत गेला होता.

चौदाव्याच्या दुसऱ्या दिवशी धोंडाबाई आली. कपाळ मोकळं होतं. स्टुलावर बसली. अण्णांना वाटलं होतं ती रडेल, नाही तर बोलेल लागेल असं काही.

"अण्णा, त्या धन्यवादाचं काय झालं?" तिने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

हे सांगायला अण्णांकडे कुठलाही नमुना नव्हता. त्यांनी हात टेबलावरून काढून मांडीवर घेतले. "माय, ते धन्यवाद कुणी म्हटलं नव्हतं. यंत्रानं आपोआप पाठवलं होतं. आपला अर्ज कुणी वाचला नाही. तलाठी गेला नाही. तीनदा दिला, तीनदा बंद झाला. मी त्याचा अर्थ उलटा लावला आणि तुम्हाला सांगितलं काम होणार म्हणून. चूक माझी हाय."

तिने ते सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मी घरी जाऊन त्यांला सांगितलं हुतं. सरकारनं आपल्याला धन्यवाद म्हनलंय. बाजंवर बसले हुते. काठी बाजूला ठिवली आन हात जोडले त्यांनी. इकडं कचेरीकडं तोंड करून. तोंड जरा तिरकं झालं हुतं. दिसत नव्हतं ना."

अण्णांना खाली बघावं लागलं.

"मंग आता काय म्हनलं म्हंजी वाचत्यात?" धोंडाबाईने विचारलं.

"तक्रार म्हणावं लागतं."

"मंग म्हना की. एवढंच हुतं तर पयलेच म्हनायचं."

तिच्या लेखी तो एक शब्द होता. अण्णांनी कागद घेतला. समास आखला. 'मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी' एवढं लिहून झालं. 'अर्जदार' या शब्दापुढे त्यांनी कधी न लिहिलेलं नाव लिहिलं: भीमाशंकर पि. गुरुबसप्पा हत्तरगे, अर्जनवीस. इतक्या वर्षांत स्वतःच्या नावाचा अर्ज त्यांनी केला नव्हता.

"तुमचं नाव कामून?" त्यांनी नाव मोठ्याने वाचल्यावर धोंडाबाई म्हणाली. "नवरा माजा गेला."

"ज्यानं चूक केली त्यानं लिहावं."

"मंग खाली माजंबी घाला. हीर आमच्या गावची हाय."

त्यांनी दुसरी ओळ घेतली. 'धोंडाबाई' लिहिलं आणि पेन थांबलं. मुन्शींच्या काळी नवरा गेलेल्या बाईच्या नावापुढे 'बेवा' लिहीत. जुन्या कागदांत तो शब्द असतोच. अण्णांनी क्षणभर धोंडाबाईकडे पाहिलं आणि नेहमीसारखंच लिहिलं: भ्र. भागवत.

मग विषय. पेनाचं टोक कागदावर टेकलं, तिथं शाईचा बारीक ठिपका उमटला. त्यांच्या अर्जावर असा ठिपका कुणी पाहिला नसेल. 'विषय: तक्रार.' पुढचं सरळ आलं.

'कमळवाडी येथील सार्वजनिक विहिरीचा कठडा भाद्रपदात पडला. तो बांधावा म्हणून तीन अर्ज दिले. कोणीही पाहण्यास आले नाही. होळीपूर्वी भागवत हे त्या विहिरीत पडून मरण पावले. तिन्ही अर्ज मी लिहिले होते. आलेल्या संदेशाचा मी चुकीचा अर्थ लावून काम होणार असे अर्जदारास सांगितले, ही माझी चूक आहे. कोणी माणसाने न वाचता अर्ज बंद झाले, ही कचेरीची चूक आहे. दोन्हींबद्दल तक्रार आहे. कठडा बांधावा.'

वाचून दाखवल्यावर धोंडाबाई म्हणाली, "आजूक एक घाला. दुसऱ्या कुनाचं मानूस पडू ने."

त्यांनी ते घातलं. तिने अंगठा उठवला, त्यांनी सही केली, आणि दोघं मिळून खिडकीवर गेले. आनंदराजांनी कागद आधी स्वतः वाचला. वरपासून खालपर्यंत, ओठ हलवत. मग तो पेटीवर पालथा ठेवला. उजेडाची पट्टी सरकली.

"लाल," ते म्हणाले.

कठडा अठराव्या दिवशी पुरा झाला. मुदतीला तीन दिवस बाकी होते. आधी तलाठी गेला, मग मंडळ अधिकारी, मग सिमेंटची पोती उतरली. धोंडाबाईने निरोप धाडला म्हणून अण्णा कमळवाडीला जाऊन आले. नवा कठडा चांगला कमरेइतका होता, गोल, घोटलेला, अजून ओला राखण्यासाठी वर गोणपाट टाकलेलं. धोंडाबाईने घरून काठी आणली होती. तिने वाटेवर उभं राहून ती पुढे टेकली. टक्क वाजलं.

"लागली असती," ती म्हणाली. काठी तिने परत घरी नेली.

कमळवाडीहून परत आल्यावर, दुपारीच, अण्णांनी लोखंडी पेटी उघडली. यंत्र आल्यापासूनच्या कार्बनच्या प्रती वरच होत्या. दाखल्या-नकलांचे अर्ज त्यांनी बाजूला काढले. उरले ते विनंती अर्ज, एकूण त्र्याऐंशी. कुठे शाळेवरचा पत्रा उडालेला, कुठे स्मशानाची वाट बुजलेली, कुठे तारेचा खांब कललेला. जवळजवळ सगळ्यांना त्यांच्याच मोबाईलवर धन्यवाद आले होते, आणि त्यांनीच ते आनंदाने पोचवले होते.

पहिला कागद गुणाबाईचा निघाला. तिच्या वस्तीवरच्या खांबाचा. खाली तिच्या जावेच्या घरचा नंबर लिहिलेला होता. अण्णांनी तो लावला. बराच वेळ घंटी वाजली, मग कुणीतरी ओरडून गुणाबाईला बोलावलं.

"गुणामाय, मी भीमाशंकर. कचेरीतला. श्रावणात तुमचा अर्ज लिहिला होता, खांबाचा. मी तुम्हाला सांगितलं होतं, अभिप्राय आलाय म्हणून."

"हाव, हाव. सरकारनं धन्यवाद म्हनलं हुतं."

"ते खरं नव्हतं," अण्णा म्हणाले. "खांब तसाच आहे का अजून?"

"तसाच हाय. जरा आजूक वाकलाय. परत अर्ज करायचा का? मी काय आनू येताना? जुना कागद लागंल का?"

"काही नको. कागद माझ्याकडं हाय. तुम्ही उद्या सकाळीच या."